मिटमप्रॉक्सी: सेटअपपासून पहिल्या प्लगइनपर्यंत

इंटरसेप्टिंग प्रॉक्सी ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसतो. प्रत्येक रिक्वेस्ट अडवतो, दाखवतो आणि हवी तर बदलू देतो. बर्प आणि झॅप हे असे प्रॉक्सीही उत्तम आहेत. पण थोडंफार पायथन येत असेल तर मिटमप्रॉक्सी घ्या, कारण त्याचा प्लगइन, म्हणजे त्याला जास्तीचं काम शिकवणारी जोड, ही पायथनची एक साधी फाइल असते.

इन्स्टॉल करून मिटमवेब, म्हणजे त्याची ब्राउझरमध्ये दिसणारी आवृत्ती, चालवा. प्रॉक्सी ८०८० पोर्टवर ऐकतो, ट्रॅफिक बघायचं पान ८०८१ वर उघडतं. फायरफॉक्समध्ये वेगळी प्रोफाइल बनवा आणि तिच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ आणि ८०८० भरा. रोजच्या प्रोफाइलला हात लावू नका, नाहीतर तुमचे बँकेचे पासवर्डही त्या ट्रॅफिकच्या पानावर उघडे पडतील.

आता एचटीटीपीएस साइट धोक्याचा इशारा देतील. बरोबरच आहे, मध्ये कोणीतरी बसलंय! त्याच प्रोफाइलमधून मिटम डॉट इट उघडा, मिटमप्रॉक्सीचं सर्टिफिकेट उतरवा आणि फायरफॉक्समध्ये इम्पोर्ट करा, म्हणजे फायरफॉक्स त्याच्यावर विश्वास ठेवेल.

प्लगइन कधी लिहावा? तोच बदल तिसऱ्यांदा हाताने करताय असं वाटलं की. समजा, सर्व्हर कोलमडला तर आपलं पेमेंटचं पान काय दाखवतं ते बघायचंय. फाइलमध्ये रिस्पॉन्स नावाचं फंक्शन लिहा. सर्व्हरचं उत्तर आलं की मिटमप्रॉक्सी ते आपणहून बोलावतो आणि हातात ‘फ्लो’ देतो. त्यात रिक्वेस्ट आणि उत्तर दोन्ही असतात. आधी होस्ट (साइटचं नाव) आणि पाथ (त्यातल्या पानाचा पत्ता) तपासा, जुळले तरच स्टेटस कोड ५००, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये बिघाड’, करा. ही तपासणी विसरलात तर उघडाल ती प्रत्येक साइट ५०० देईल. मिटमवेब सुरू करताना कमांडमध्ये एस (-s) पर्यायापुढे फाइलचं नाव द्या. नंतर फाइल सेव्ह केली की ती आपोआप नव्याने लोड होते.

एका गोष्टीने माझी अख्खी दुपार खाल्ली होती. उत्तरातला मजकूर बदलणारा प्लगइन चालत होता, पान मात्र जुनंच. सर्व्हर ३०४ पाठवत होता, म्हणजे ‘तुझ्याकडचंच वापर’. उत्तरात मजकूरच नाही, तर बदलणार काय? सर्व्हरला ३०४ऐवजी पूर्ण उत्तर द्यायला लावणारा मिटमप्रॉक्सीचा अँटीकॅश पर्याय चालू केला आणि प्रश्न मिटला.

हे सगळं फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या साइटवर. काम संपलं की ते सर्टिफिकेट काढून टाका. त्याची खाजगी की तुमच्या होम फोल्डरमध्ये पडलेली असते. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या ब्राउझरला कुठलीही बनावट साइट खरी म्हणून दाखवू शकतो.