सानफूचा लेप तिथी बघून लावताय? या चुका टाळा

थंडीत उसळणारा दमा, शिंका, जुनाट खोकला यांवर ऐन उन्हाळ्यात इलाज करायचा, ही चिनी वैद्यकातली जुनी रीत. पांढरी मोहरी आणि इतर औषधं आल्याच्या रसात कालवून पाठीवरच्या ठरावीक बिंदूंवर लेप लावतात. चिंग राजवटीतले वैद्य जांग लू यांच्या १६९५ च्या ग्रंथात तो आहे. हा लेप तीन 'फू'मध्ये, म्हणजे सानफूत (वर्षातल्या सर्वांत उष्ण काळाच्या तीन टप्प्यांत) लावायचा आणि घोळ होतो तो इथेच.

चिनी म्हटलं की चांद्र तिथी, असं लोक धरून चालतात. सानफूचा चंद्राशी संबंध नाही. २१ जूनच्या आसपास दिवस सर्वांत मोठा असतो. त्यानंतरच्या तिसऱ्या 'गेंग' दिवशी (चिनी दिनगणनेतल्या दहा दिवसांच्या चक्रातला एक दिवस) पहिलं फू सुरू होतं, चौथ्याला मधलं. ७ ऑगस्टच्या सुमारास चिनी पंचांगात शरद लागतो, त्यानंतरच्या पहिल्या गेंगला शेवटचं. गेंग दर दहा दिवसांनी येतो, बस. २०२४ मध्ये पहिलं फू १५ जुलैला होतं, २०२५ मध्ये २० जुलैला. फरक पाचच दिवसांचा. पण चांद्र तिथी पाहिली तर एकदा सहाव्या महिन्याची दहावी, दुसऱ्यांदा सव्विसावी! तिथी धरून बसलेला माणूस हमखास चुकणार.

दर दहा दिवसांनी एक लेप, हे गणितही नेहमी जुळत नाही. २०२५ मध्ये जुळलं: २० जुलै, ३० जुलै, ९ ऑगस्ट. २०२४ मध्ये मात्र २५ जुलैनंतरचं फू थेट १४ ऑगस्टला आलं. अशा वर्षी मधलं फू वीस दिवसांचं असतं आणि काही रुग्णालयं मध्ये एक जादा लेप देतात. गेल्या वर्षीची तारीख यंदा चालत नाही, ती दरवर्षी नव्याने बघावी.

आपलं पंचांग समोर ठेवून चिनी महिने जुळवू नका. अधिक मास दोघांकडे आहे, पण वेगवेगळ्या जागी. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता, चिन्यांचा दुसरा महिना. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक, आपल्याकडे त्या वर्षी अधिक मासच नव्हता.

चंद्राचा नियम खरोखर आहे तो सुयांच्या उपचाराचा. 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात चंद्र वाढताना शरीरातलं काही उपसू नये, पौर्णिमेला भर घालू नये, अमावास्येला उपचारच करू नये, असं सांगितलंय. हा नियम उचलून लेपाला चिकटवणं म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला.

तारीख हुकली तर? घाबरण्यासारखं काही नाही. ठरल्या दिवशीच लावल्याने गुण जास्त येतो, हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. तारखेची वाट बघत दम्याचा पंप थांबवणं ही मात्र या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक.

फोड आला म्हणजे औषध लागू पडलं, हा समजही सोडा. मोहरी कातडी भाजते. मोठ्यांना काही तास पुरतात, मुलांना त्याहून बरंच कमी. आग असह्य झाली की वेळ उरला असला तरी लेप काढा, गार पाण्याने धुवा, फोड फोडू नका. मोठा असेल तर डॉक्टरला दाखवा. पारंपरिक कृतीत विषारी वनस्पतीही असतात, तेव्हा ऑनलाइन मागवलेली पट्टी घरी लावू नका. गरोदरपणी, तापात किंवा कातडीवर जखम असताना तर नाहीच.