आपल्या कुत्र्या-मांजराचं पोर्ट्रेट करताय? या चुका टाळा

एकेक केस रंगवून झाला, नाक अगदी ओलं वाटतंय, आणि घरातले म्हणतात "छान आहे हो, पण आमचा मोती नाय वाटत". असं झालं की आधी डोळे तपासा.

आपल्या हाताला माणसाचा डोळा काढायची सवय असते म्हणून बुबुळाच्या बाजूला पांढरं सोडलं जातं, पण निवांत बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात पांढरं जवळजवळ दिसतच नाही, दिसतं ते तो घाबरला की. डिचोलीच्या एका काकूंना त्यांच्या गेलेल्या कुत्रीचं चित्र करून दिलं होतं, त्यात डोळ्याच्या कोपऱ्यात मी पांढऱ्याची बारीक रेघ ओढली होती, तर काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अशी ती चवथीला फटाके वाजले की बघायची रे." ती रेघ गडद तपकिरीने झाकली, मागे ओढलेले कान जरा सैल केले, बाकी कशाला हात लावला नाही. मग काकूंनी तिला ओळखलं.

बुबुळातली काळी बाहुलीही प्रत्येकाची वेगळी, मांजराची उन्हात उभी फट होते, बकरीची आडवी असते, सगळ्यांना गोल टिंब देऊ नका.

फोटो तोंडाजवळ मोबाईल नेऊन काढलात तर नाक मोठं आणि कान बारके येणारच. दोन मीटर मागे जा, झूम करा, आणि खाली बसून त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा. फ्लॅश नकोच, डोळे हिरवे चमकतात.

काळा कुत्रा किंवा म्हैस असेल तर ट्यूबमधला काळा थेट लावू नका, चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, पाठीवर आभाळाचा उजेड पडतो तिथे निळा जास्त घ्या.

आणि केस मोजत बसू नका हो, कधी गोव्यात रिवणकडे उसगाळीमळला जाऊन कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले बैल बघा, नुसत्या रेघा आहेत तरी जनावर जिवंत वाटतं.

आपल्याकडे पावसात अजून एक घोळ होतो, वॉटरकलरचा कागद दमट होऊन त्यावर रंगाचे डाग पडतात, टीपकागदासारखा शोषतो. तो ब्रशचा दोष नाही, कागदाचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप, गेलेलं असतं. नवे कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेवा, आणि बिघडलेला टाकू नका, त्यावर कोळशाने मांजर छान उतरतं.