सॅन फ्रान्सिस्कोत मतदान? आई-बाबांसोबत आधी घरी बसा
इथली मतपत्रिका कित्येक पानांची. नव्याने नागरिक झालेले आपले आई-बाबा त्यातल्या प्रस्तावांपाशी (म्हणजे ज्यांवर मतदार थेट ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात त्या प्रश्नांपाशी) हमखास अडतात. आमच्या घरी ही पद्धत कामी आली.

१. कॅलिफोर्नियाच्या मतदार पुस्तिकेत प्रत्येक राज्य प्रस्तावासाठी ‘होय’ म्हटलं तर काय होईल आणि ‘नाही’ म्हटलं तर काय, हे थोडक्यात दिलेलं असतं. आधी तेवढंच मराठीत सांगा. बाजूने-विरुद्धचे युक्तिवाद नंतर.

२. महापौर वगैरे शहरी पदांना पसंतीक्रम असतो. पहिल्या रकान्यात पहिली पसंती, दुसऱ्यात दुसरी. पहिल्या पसंतीचा उमेदवार मतमोजणीत बाद झाला तरच मत दुसऱ्याकडे जातं, म्हणून दुसरं नाव दिल्याने पहिल्याचं काहीच बिघडत नाही. आईला हे दोनदा समजावलं, तेव्हा तिची धास्ती गेली. एका रकान्यात दोन खुणा मात्र नकोत.

३. नमुना मतपत्रिकेवर खुणा करून ती केंद्रावर सोबत न्या. चालते.

जपायचं एकच: झालेल्या कायद्याविरुद्ध सार्वमत असेल तर ‘होय’ म्हणजे कायदा राहू दे. २०१६ साली प्रस्ताव ६७ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी हवी असणाऱ्यांना ‘होय’वरच खूण करायची होती.