घरं साफ करायचं काम सुरू करताय? आधी घाण ओळखायला शिका

घरं साफ करून द्यायचा माझा धंदा आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "तुम्ही कोणतं लिक्विड वापरता?" आणि माझं उत्तर ऐकून लोक वैतागतात, कारण मी उलटा प्रश्न विचारते, डाग कसला आहे आणि कशावर आहे? या दोन गोष्टी कळल्या की लिक्विड आपोआप ठरतं, आणि नाही कळल्या तर जगातली सगळ्यात महागडी बाटली आणा, तुम्ही नुसतं घासत बसणार आणि वर ती वस्तू खराब करणार ते वेगळंच.

ज्यांना हे काम धंदा म्हणून करायचंय आणि ज्यांना फक्त स्वतःचं घर आवरायचंय, दोघांसाठी लिहितेय. साफसफाईचा भाग दोघांना सारखाच आहे, धंद्याचं शेवटी बोलू.

तर घाण ढोबळमानाने तीन प्रकारची. एक, तेलकट चिकट, जी किचनमधे शेगडीच्या मागे, चिमणीवर, एक्झॉस्टवर, कपाटांच्या वरच्या कडेला बसते. दोन, क्षार, म्हणजे नळावर, शॉवरवर, बाथरूमच्या टाइल्सवर, काचेच्या दारावर जो पांढरा खडबडीत थर येतो तो. तीन, बुरशी आणि जंतूंची घाण. धूळ मी यात धरत नाही, तिला लिक्विड लागतच नाही, उलट धुळीवर पाणी मारलं की चिखल होतो आणि मग आपण तो चिखल घरभर फिरवतो.

तेलकट घाणीला साबण किंवा अल्कली (सोड्यासारखी, ॲसिडच्या उलट गुणाची वस्तू) लागते. साधं भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी यानेच निम्म्याहून जास्त काम होतं, त्याने नाही झालं तर धुण्याचा सोडा. क्षाराला बरोबर उलटं, म्हणजे ॲसिड, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडची पावडर विरघळवली की साधारण ५ टक्क्यांचं पाणी तयार होतं, म्हणजे व्हिनेगरइतकंच पण वास नाही, आम्ही तेच वापरतो. बाथरूमच्या टाइल्सवर जो राखाडी चिकट पापुद्रा असतो ना, लोकांना वाटतं तो साबणाचा आहे म्हणून अजून साबण लावतात, पण तो साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून झालेला असतो, त्यालाही ॲसिडच लागतं.

आणि हो, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून जो फेस येतो तो बघायला छान वाटतो पण एक ॲसिड आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा, दोघंही कामाचे आहेत.

आता दुसरा प्रश्न, डाग कशावर आहे. हे मी स्वतः धडपडून शिकले. सुरुवातीच्या दिवसात एका काकूंच्या घरी बेसिनच्या बाजूच्या दगडावर नळाखाली पांढरे डाग होते, मी मोठ्या आत्मविश्वासाने सायट्रिकचं पाणी मारलं आणि दुसरीकडे वळले. परत येऊन पुसलं तर डाग गेले होते पण दगडाची चमकही गेली होती, बरोबर स्प्रेच्या आकाराचा एक फिकट गोल. तो संगमरवर होता. क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच, ॲसिडला काय कळणार कोणाला खायचं आणि कोणाला सोडायचं. असा फिकट डाग पुसून जात नाही, दगड परत पॉलिश करावा लागतो. तो मी माझ्या खिशातून करून दिला.

तेव्हापासून नियम, दगड दिसला की आधी कोपऱ्यात, जिथे कोणी बघत नाही तिथे, व्हिनेगरचा एक थेंब. दोन मिनिटात बुडबुडे आले किंवा चमक उतरली तर त्या दगडाला फक्त साधं सौम्य साबणाचं पाणी, विषय संपला. टाइल्सच्या मधल्या भेगांमधलं सिमेंटही ॲसिडने झिजतं, म्हणून ॲसिड मारायच्या आधी भिंत साध्या पाण्याने ओली करून घ्यायची, म्हणजे भेगा आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात आणि ॲसिड आत फारसं जात नाही. ॲल्युमिनियमचं उलटं आहे, त्याला सोडा चालत नाही, चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल आणि ती गरम सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाकली तर सकाळी काळपट झालेली मिळेल, तिला भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी आणि थोडा धीर. स्टीलला ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं लिक्विड) लावून ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. आणि तो पांढरा जादूचा स्पंज म्हणतात तो म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर आहे, चमकदार रंगाच्या भिंतीवर आणि कपाटांवर घासला तर तेवढा भाग कायमचा मॅट होतो.

सगळ्यात मोठी चूक जी नवीन मुलीही करतात आणि २० वर्षं घर सांभाळलेल्या बायकाही करतात, ती म्हणजे मारलं की लगेच घासायला घेणं. अहो थांबा ना. काम लिक्विड करतं, हाताने फक्त सुटलेलं उचलायचं असतं. तेलकट थराला ५ ते १० मिनिटं, नळाच्या क्षाराला १५-२० मिनिटं, आणि उभ्या जागेवर लिक्विड ओघळून जातं म्हणून टिश्यू किंवा जुनं फडकं सायट्रिकच्या पाण्यात भिजवून नळाला गुंडाळून ठेवायचं. मात्र तासन्तास नाही, नळाचा मुलामा खराब होतो. आमचं घरात शिरल्यावरचं पहिलं काम हेच, बाथरूममधे आणि शेगडीवर लिक्विड मारून यायचं आणि मग पंख्यांकडे वळायचं, आपण वर धूळ काढत असतो तोवर खाली रसायन आपलं काम करत असतं.

क्रम वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे. पंख्याच्या पात्याला जुनी उशीची खोळ घालून ओढायची, धूळ खोळीतच पडते, गादीवर नाही. मग जळमटं, मग कपाटांच्या वरचा भाग, मग फर्निचर, मग झाडू किंवा व्हॅक्यूम, आणि सगळ्यात शेवटी फरशी, ती आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे पुसत यायची. खिडकीच्या ट्रॅकमधे आधी पाणी ओतू नका, कोरड्या ब्रशने माती मोकळी करा, काढा, मग ओलं फडकं. काच भर उन्हात पुसू नका, लिक्विड पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे राहतात. आणखी एक, आतून आडवे हात आणि बाहेरून उभे हात मारायचे, म्हणजे पट्टा राहिला तर कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं, नाहीतर आत-बाहेर करण्यात अर्धा तास जातो.

आता तिसऱ्या प्रकारच्या घाणीला, म्हणजे बुरशी आणि जंतूंना लागणारं ब्लीच. याबद्दल मी जरा कडक आहे. ब्लीच कशातही मिसळायचं नाही, फक्त साध्या थंड पाण्यात. टॉयलेट क्लीनर बहुतेक ॲसिडचे असतात, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेल्या काचेच्या लिक्विडबरोबर ब्लीच आलं की क्लोरामाइन, दोन्ही फुप्फुसाला घातक, आणि बाथरूम म्हणजे बंद लहान खोली. "दोन्ही मारलं की जास्त स्वच्छ होईल" या विचाराने लोक हे करतात. चुकून झालंच, डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, तर पुसत बसायचं नाही, बाहेर यायचं, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघडायची, आणि दम लागायचा थांबत नसेल तर सरळ डॉक्टर. माझ्या टीममधे ज्या दिवशी एका बाथरूममधे ॲसिड वापरलं त्या दिवशी तिथे ब्लीच नाही, एवढा सोपा नियम ठेवलाय म्हणजे कोणाला डोकं चालवावं लागत नाही.

जंतू मारायला म्हणून वापरायचं तर ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली पुरे, जास्त ओतून जास्त फायदा नाही. पण आधी जागा धुतलेली पाहिजे, घाणीवर मारलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं. मारून किमान एक मिनिट ओलं राहू द्यायचं, मग पुसायचं. आणि हे पाणी रोजचं रोज बनवायचं, २४ तासानंतर त्यात दम राहत नाही.

बुरशीबद्दल लोकांना जादू हवी असते. ब्लीचने काळा रंग जाईल हो, पण भिंत ओलीच असेल तर महिन्याभरात ती परत येणार. आंघोळीनंतर वायपरने भिंती आणि काच ओढून घ्या आणि एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा, घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला जमत नाही. आणि भिंतीच्या आतून पाणी झिरपत असेल तर ते प्लंबरचं काम आहे, क्लीनरचं नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, पैसे घेऊन बुरशी पुसून देणं आणि परत ती आल्यावर तोंड लपवणं हे मला पटत नाही.

आता धंदा. घर न बघता दर सांगू नका. फोनवर सगळेच म्हणतात "फारसं घाण नाहीये". एकदा जाऊन बघा, नाही जमलं तर व्हिडिओ कॉलवर शेगडीच्या मागची भिंत, बाथरूमचा नळ आणि पंखा एवढं तीनच दाखवायला सांगा, त्यावरून अख्ख्या घराचा अंदाज येतो. पहिल्या खेपेला रोजच्यापेक्षा खूप जास्त वेळ जातो, म्हणून पहिल्या सफाईचा दर वेगळा आणि नंतरच्या नियमित सफाईचा वेगळा.

हिशोबात सगळे इथेच फसतात. २ जणींना ४ तास लागले तर ते ४ तास नाहीत, ८ तास आहेत. शिवाय दिवसाचे ८ तास काम असलं तरी जाणं-येणं, सामान भरणं, ग्राहकाची वाट बघणं यात २ तास सहज जातात, म्हणजे महिन्याला २५ दिवस धरले तर एका माणसाचे २०० तास खर्च होतात आणि पैसे मात्र १५० तासांचेच मिळतात. म्हणून पगार, प्रवास, सामान, फडकी, सुट्ट्या, बिघडलेला व्हॅक्यूम आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, तुमचा पण!) हे सगळं मिळवायचं आणि २०० ने नाही, १५० ने भागायचं. तो तासाचा खरा खर्च. यापेक्षा कमीत काम घेतलंत तर जितकं जास्त काम तितका जास्त तोटा, आणि महिनाभर राबून हातात काही उरत का नाही हेच कळत नाही.

काय करणार आणि काय नाही ते लिहून पाठवायचं, तोंडी नाही. कपाटाच्या आतून? फ्रीजच्या आतून? बाहेरच्या काचा? जड फर्निचर हलवायचं का? आमच्याकडे उंच इमारतीत खिडकीबाहेर वाकून काच पुसायची नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. काम सुरू करायच्या आधी आधीच तुटलेल्या, चरे पडलेल्या वस्तूंचे फोटो मालकांना विचारून काढायचे. आणि आपल्या हातून काही फुटलं तर त्यांना दिसायच्या आधी आपण सांगायचं, मुलीला ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती तुकडे कपाटामागे सरकवेल आणि ते सापडतील तेव्हा तुम्ही कायमचे गेलात. चाव्या ठेवायला मिळाल्या तर त्यावर पत्ता लिहू नका, नंबर लिहा आणि नंबरांची यादी वेगळीकडे ठेवा.

काम तपासायची माझी पद्धत, उभं राहून बघायचं नाही. जिथे घरातली माणसं असतात तिथून बघायचं, सोफ्यावर बसून, कमोडवर बसून दाराची मागची बाजू, पलंगाजवळ खाली वाकून वर पंखा. फरशीवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की राहिलेली धूळ आणि केस सगळे उठून दिसतात. हे मुलींनाच करायला लावते, मी चूक काढण्यापेक्षा त्यांनी स्वतः काढलेली बरी.

लोक विचारतात, ग्राहकांना सगळं शिकवलं तर ते तुम्हाला कशाला बोलावतील? अहो बोलावतात. काम माहीत नसतं म्हणून नाही, वेळ नसतो म्हणून बोलावतात. मी जाताना एक चिठ्ठी ठेवते, त्यात फक्त दोन-तीन ओळी, त्यांच्याच घराबद्दल, हा दगड ॲसिडचा नाही, त्या लाकडी फरशीवर फडकं पिळून घ्या, पाणी साचलं तर फुगेल. फोनवर कोणी सल्ला मागितला तर फोटो मागवते, कशावर आहे ते विचारते, आणि आधी काय काय लावून झालंय ते तर नक्कीच विचारते, कारण लोक चार गोष्टी लावून झाल्यावरच विचारायला येतात, आणि त्यातलं एक ब्लीच असतं.

फडक्यांचं राहिलं. आमच्याकडे लाल टॉयलेटचं, हिरवं किचनचं, निळं बाकी घराचं, आणि हे मोडलं तर मी खरंच चिडते. मायक्रोफायबरची चौकोनी घडी घातली, म्हणजे अर्धं आणि परत अर्धं, की ८ कोऱ्या बाजू मिळतात, एक मळली की पुढची, सारखं धुवायला जायला नको. संध्याकाळी धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात घालायचं नाही, धागे बुजतात आणि मग ते फडकं पाणी पीत नाही, नुसतं सरकतं. लाल वेगळे धुवायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरायचे नाहीत, नाहीतर सकाळी दुसऱ्याच्या घरात शिरल्या शिरल्या पहिला कुबट वास आपल्याच पिशवीचा येतो.