गाठी मारायचा नाद आहे? मग विकायला बसताना एवढं बघा

हातात दोरी आली की बोटं आपोआप चालायला लागतात अशी काही माणसं असतात, मी त्यातलीच. पण आपल्याला जी गाठ मारायला मजा येते तीच लोक विकत घेतील असं अजिबात नाही, त्यांना किल्ली अडकवायला काहीतरी हवं असतं, कुंडी टांगायला शिंकं हवं असतं. म्हणून गाठ वापरातल्या वस्तूत बसवा, आणि सुरुवातीला तीनच डिझाइन घ्या, जास्त नको.

प्रत्येक डिझाइनला वहीत एक पान. दोरीची जाडी, किती कापली, किती उरली, किती वेळ लागला. मॅक्रमेला (दोरीला गाठी मारत केलेल्या विणीला) तयार लांबीच्या साधारण चौपट दोरी लागते, आणि मधोमध दुमडून काठीला अडकवणार असाल तर आठपट कापायची, वीण दाट असेल तर अजून थोडी. माझ्या पहिल्याच ऑर्डरला मी अंदाजाने कापली आणि शेवटच्या वीतभराला दोरी संपली, मधे जोड दिला तर फुगवटा दिसायला लागला, शेवटी सगळं उसवलं.

किंमत काढताना पहिल्या नगाचा वेळ धरू नका, दहाव्याचा धरा. दोरी, कड्या, पॅकिंग, ऑनलाइन विकलं तर कमिशन, आणि तुमचे तास. 'दोरीच तर आहे' म्हणणारे भेटतातच, त्यांच्यासाठी भाव पाडायचा नाही.

फिनिशिंगवर मात्र वेळ घालवा. नायलॉनचं टोक लायटरने वितळवून बंद होतं (गरम असताना बोटाने दाबू नका, चटका बसतो), सुती दोरी वितळत नाही, जळते, तिचं टोक आतल्या विणीत ओवून थेंबभर गोंद लावा. सुती दोरी धुतल्यावर आकसते, तर एक नमुना आधी धुवून बघा. मंकीज फिस्टच्या (मुठीसारख्या गोल गाठीच्या) कीचेनमध्ये लाकडी मणी घाला, लोखंडी गोळी नको, काही ठिकाणी ते चक्क हत्यार धरतात. आणि घट्ट करताना एकेक फेरा क्रमाने ओढत न्या, एकदम ओढलं की एका बाजूला ढिलं राहतं आणि फोटोत तेच दिसतं.

कस्टम ऑर्डरला लगेच हो म्हणू नका. टर्क्स हेडमध्ये (वेणीसारखी गोल विणलेली, कड्यासारखी गाठ) पदर आणि कडेच्या पाकळ्या या दोन आकड्यांना 1 सोडून सामाईक विभाजक असेल तर ती एका दोरीत होतच नाही. 4 पदर, 6 पाकळ्या मागितल्या तर आधी विचारा, 5 पाकळ्या चालतील का.