मान-पाठ दुखते? ऑफिसमधली बैठक कोपरापासून लावायला घ्या

दुपारी तीननंतर मानेच्या मुळाशी ठणका लागतो, खांदे भरून येतात आणि आपण खुर्चीला दोष देतो. पण पुष्कळदा अडचण टेबलाची असते. ऑफिसची टेबलं साधारण ७५ सेंमी उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ती उंचच पडतात. मग खांदे उचलून टायपिंग करावं लागतं, तेही आठ-आठ तास. टेबलाचे पाय काही कापता येत नाहीत, म्हणून बाकीचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. क्रम मात्र बदलू नका.

आधी कोपर. खांदे सैल सोडा, दंड अंगालगत ठेवा, हात कोपरात काटकोनात वाकवा. कोपर की-बोर्डच्या उंचीला येईल इतकी खुर्ची वर घ्या. खुर्ची वर होत नसेल तर सतरंजीची घट्ट घडी घाला. मऊ उशी नको, ती तासाभरात दबते.

आता पाय लोंबकळतील. इथेच बहुतेक जण खुर्ची पुन्हा खाली घेतात आणि मग ये रे माझ्या मागल्या! त्याऐवजी पायांखाली आधार द्या. घरचा लाकडी पाट चालेल. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं न फोडलेलं रीम साधारण ५ सेंमी जाड असतं, तशी दोन शेजारी शेजारी ठेवली तरी काम भागतं. पाय टेकले नाहीत तर खुर्चीची कड मांडीत रुतते, माणूस पुढे सरकतो आणि पाठीचा टेका सुटतो.

पाठीसाठी खुर्चीवरच्याच टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट भागात ठेवा.

मग स्क्रीन. ती हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मात्र हा नियम उलटा लागतो. खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडते, म्हणून स्क्रीन थोडी खाली घ्या. कागद बघून नोंदी करणाऱ्यांनी कागद टेबलावर आडवा ठेवू नये, स्क्रीनच्या शेजारी उभा लावावा. दर ओळीला मान खाली-वर होत असेल तर चांगली खुर्चीही उपयोगाची नाही. लॅपटॉपवर कायमचं काम असेल तर तो उंचावर ठेवून वेगळा की-बोर्ड मागून घ्या. माउस की-बोर्डला अगदी लागून हवा.

एवढं करूनही एकाच जागी खिळून बसलात तर दुखणारच. अर्ध्या तासाने उठा, फाइल स्वतः नेऊन द्या, फोन उभ्याने घ्या. स्वच्छतागृह धड नाही म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत आणि जागेवरून उठतही नाहीत. त्याची तक्रार लेखी करा, तो तुमचा हक्क आहे.

पाठ धरली तरी दिवसच्या दिवस झोपून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मनगटातली नस दबत असू शकते. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठा. छातीवर दाब येऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर मलम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा.