"जोरात दाबा हो!": मसाज निवडताना या चुका टाळा

रविवारी अर्धमॅरेथॉन आणि शुक्रवारी संध्याकाळी मी दादरला दीड तासाचा डीप टिश्यू मसाज घेतला. पाय मोकळे होतील, वेळ दोन-चार मिनिटांनी सुधारेल, असा हिशोब. शनिवारी जिना कठडा धरून उतरलो. रविवारी पंधराव्या किलोमीटरनंतर मांड्या इतक्या भरून आल्या की धावणं नावालाच उरलं. मसाज करणाऱ्याचा दोष नव्हता. त्याने विचारलं होतं, "प्रेशर कसं देऊ?" मीच म्हणालो, "जोरात. पैसे वसूल झाले पाहिजेत."

आपल्याकडे मालिश म्हणजे रगडणं. बाळंतिणीला चोळणारी बाई असो की तालमीतला वस्ताद, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय अंग मोकळं झालं असं कुणाला वाटतच नाही. प्रत्यक्षात दाब सहन होईनासा झाला की माणूस श्वास रोखतो, अंग आवळतो, आणि जो स्नायू सैल करायचा तोच घट्ट होतो. डीप टिश्यूचा दाब खोल असतो, पण हात सावकाश फिरतो. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जायला लागलं, बोलता येईना, की हात हलका करायला सांगा. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उठले तर ते मसाज लागू पडल्याचं लक्षण नव्हे. अतिरेकी रगडण्याने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडांवर ताण आणतात, असं क्वचित होतं. मसाजनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

दुसरी चूक, मेनूकार्डावरचं नाव बघून निवडणं. डोंबिवली ते सीएसएमटी रोज उभ्याने, एक हात कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, मान खाली, आणि वर आठ तास लॅपटॉप. अशा माणसाचे खांदे एकूणच आखडलेले असतात. त्याला स्वीडिश पुरतो: तेल, अंगावरून लांबवर फिरणारा हात, मध्यम दाब. (नाव स्वीडिश असलं तरी त्यातल्या हातांची पद्धतशीर मांडणी केली ती मेझगर नावाच्या डच डॉक्टरने, असं सहसा मानलं जातं.) खांद्यात एकच सुपारीएवढी गाठ असेल आणि ती दाबली की कळ कानशिलापर्यंत जात असेल, तर सबंध अंगाचा मसाज कशाला? तेवढ्याच जागेवर ट्रिगर पॉइंटचं, म्हणजे अशा दुखऱ्या गाठींचं, काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट शोधा. अभ्यंग म्हणजे कोमट तीळतेल आणि हलका हात. शिणवटा जातो, झोप लागते. त्याच्याकडून गाठ फोडण्याची अपेक्षा ठेवून नाराज होऊ नका. वरळीच्या पोदार या आयुर्वेदिक रुग्णालयासारख्या ठिकाणी आधी वैद्य तपासतात, हा मोठा फायदा. थाई मसाज कपड्यांवरून, चटईवर, तेलाशिवाय होतो आणि त्यात अंग चांगलंच ताणतात. युनेस्कोने 2019 मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच. पण मणक्याची गादी सरकलेल्याने किंवा हाडं ठिसूळ झालेल्या आजीने त्या वाटेला जाऊ नये.

धावणाऱ्यांची चूक वेळेची. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आली की खोल मसाजची ओढ लागते. खोल काम शर्यतीच्या निदान चार-पाच दिवस आधी उरका. शेवटच्या दोन दिवसांत घ्यायचाच तर हलका, अर्ध्या तासाचा. शर्यत संपल्यावरही लगेच कोपराने रगडून घेऊ नका. पेडर रोडचा चढ चढून आलेल्या मांड्यांत बारीक इजा झालेल्या असतात, आणि दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. तोवर हळुवार हात, थोडं चालणं, झोप. "लॅक्टिक ॲसिड काढून टाकतो" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ते तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं. मसाजने दुखणं थोडं कमी होतं, अंग थोडं लवचिक वाटतं. वेग मात्र वाढत नाही.

सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान काडकन मोडून देतात, ती चैन पूर्ण बंद करा. झटक्याने मान पिरगळली तर मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण वीस रुपयांच्या टिपेसाठी कशाला ती जोखीम! मसाज गनही (स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र) मानेच्या पुढच्या बाजूला, हाडांवर नको.

आमच्या चाळीत एक पायाळू मावशी होत्या. कुणाला उसण भरली की तो त्यांच्याकडे पाठीत लाथ खायला जायचा, आणि आठवड्याभरात बरा व्हायचा. साधी उसण लाथेवाचूनही बहुधा तेवढ्याच दिवसांत उतरते. आता त्याचं श्रेय मसाज सेंटरला मिळतं एवढंच. पण कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, बोटांत जोर राहिला नसेल, तर लाथही नको आणि मसाजही नको, आधी अस्थिरोगतज्ज्ञ. पाय मुरगळून सुजला असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्याला चोळू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आडवं होण्याआधीच सांगा. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली असेल तर दाब जास्त झाला हे तुम्हाला कळणारच नाही, तेही सांगा.

आणि लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा आजारपणात पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर घरातलं कुणीतरी तेलाची वाटी घेऊन येतंच. वाटी परत पाठवा. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.